तिसऱ्या विमानाची सही

कमळाकर म्हात्रे चार दिवसांची रजा काढून पेणजवळच्या गडबला, आपल्या गावी आला होता. भाताची कापणी चालू होती, मोठा भाऊ शिवा याला मजूर मिळत नव्हते. शनिवारी सकाळी कमळाकर खळ्यावर भारे टाकत होता, तेवढ्यात हायवेवरचा दुकानदार गुणाजी बांधावरून येताना दिसला. फोन त्याच्याच दुकानात होता. रोह्याजवळच्या अष्टमीहून कमळाकरच्या सासऱ्यांनी निरोप दिला होता : मुंबईहून तुमचे साहेब आलेत, हातातलं काम टाकून या.

कोण साहेब, ते गुणाजीला माहीत नव्हतं. कमळाकरला विचारायची गरजही पडली नाही; कोण आणि कशासाठी आलं असेल, याचा अंदाज त्याला होता. हातपाय धुऊन, शर्ट बदलून तो नागोठण्याच्या एसटीत बसला.

तो नीलपंख एअरवेज या खासगी विमान कंपनीत देखभाल इंजिनिअर होता. खासगी कंपन्यांना परवानगी मिळू लागली, तेव्हा सरकारी नोकरी सोडून तो तिकडे गेला होता. त्याच्यामागोमाग मेहुणा सुशीलही मुंबई विमानतळावर नीलपंखच्या काउंटरवर लागला. पहिली दोन वर्षं विमानं भरून जायची आणि ऑफिसात दर महिन्याला नव्या मार्गाचे पेढे वाटले जायचे.

मग सत्त्याण्णव साल आलं. कंपनीची सगळी भिस्त सिंगापूरकडच्या एका विमान कंपनीवर होती. ती भागीदार होणार, तिच्याबरोबर आणखी विमानं येणार, असं ठरत आलं होतं. पण सरकारचं नवं धोरण जाहीर झालं : देशी विमान कंपनीत परदेशी विमान कंपनीला हिस्सा घेता येणार नाही. बोलणी तिथेच थांबली. पुढे पावसाळ्यात थायलंडचं चलन कोसळलं, पाठोपाठ मलेशिया आणि इंडोनेशिया. तिकडच्या कंपन्याच मागवलेली विमानं नको म्हणू लागल्या, तर इकडे कोण येणार? नीलपंखकडे भाड्याची तीन विमानं उरली, आणि परवाना टिकवायला तीन तरी उडण्याजोगी विमानं दाखवणं भाग होतं.

त्यातलं तिसरं सप्टेंबरपासून हँगरमध्ये उभं होतं. दुसऱ्या विमानाचा हायड्रॉलिक पंप बिघडला, तेव्हा तिसऱ्याचा काढून त्याला बसवला होता. ते काम कमळाकरनेच केलं होतं. बिघडलेला पंप सिंगापूरहून दुरुस्त होऊन परत आलाही, पण एका दाखल्याची मूळ प्रत नव्हती म्हणून तो तीन आठवडे कस्टमच्या गोदामात पडून होता. आणि सोमवारी परवान्याच्या नूतनीकरणासाठी सरकारी तपासनीस विमानं बघायला येणार होते.

सासऱ्यांचं, हैबतरावांचं घर अष्टमीला पुलाच्या अलीकडेच होतं. ते रोह्याच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. कमळाकर आत आला, तर सुशीलकडून पत्ता घेऊन आलेला देखभाल विभागाचा मॅनेजर हरेश ओटीवर खुर्चीत बसला होता आणि समोरच्या टेबलावर तिसऱ्या विमानाचं लॉगबुक होतं. हँगरच्या बाहेर जाऊ नये असं ते पुस्तक सासऱ्यांच्या पानाच्या डब्याशेजारी बघून कमळाकर उंबऱ्यातच थबकला. त्याची बायको नमिता महिनाभरासाठी माहेरी आली होती. ती छोट्या किमयाला कडेवर घेऊन माजघराच्या दारात उभी राहिली.

हरेशने आडवळण घेतलं नाही. या जातीच्या विमानावर सही करायचा अधिकार असलेले दोनच इंजिनिअर कंपनीत होते आणि दुसरा दिल्लीला अडकला होता. तिसरं विमान उडण्यालायक आहे अशी कमळाकरची सही हवी होती. सोमवारी ते फक्त मोजणीपुरतं उभं करायचं, उडवायचं नाही. पंप सुटला की बसवायचा, म्हणजे सहीही खरी होईल. सही नसली तर परवाना जाईल आणि सहाशे माणसं घरी बसतील. हे सगळं त्याने हैबतरावांनाही आधीच सांगितलं होतं.

“जावईबापू,” हैबतराव म्हणाले, “उडवणार नाय म्हणतात ना? मग नुसता कागदाचाच प्रश्न हाय. सुशीलचं लग्न मे महिन्यात ठरलंय, तेवढं ध्यानात घ्या.”

कमळाकरने लॉगबुक जवळ ओढलं. पानं मागे उलटत तो सप्टेंबरपर्यंत गेला. पंप काढल्याची नोंद तिथे त्याच्याच अक्षरात होती. ती त्याने दोनदा वाचली आणि पुस्तक मिटलं.

“मला नाही जमणार, साहेब.”

हरेश म्हणाला, घाई करू नका, विचार करा.

“एसटीत दुसरं काय केलं? विमान मोजणीत आलं की वेळापत्रकात येतं. डिसेंबरची गर्दी होईल, एखादं विमान बंद पडेल. मग पाळीवरचा कुणीतरी हे पुस्तक उघडणार, माझी सही बघणार आणि विमान लावणार. तेव्हा मी जाग्यावर असेनच असं नाही.”

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचंच नवल वाटलं. एसटीत बसल्यापासून आवळून धरलेले खांदे आपोआप खाली आले होते. नोकरी गेली हे त्याला स्पष्ट दिसत होतं, तरी श्वास मोकळा झाला होता. नमिताकडे बघायचं त्याने टाळलं होतं. आता बघितलं, तर तिने मान किंचित हलवली आणि किमयाला घेऊन ती आत गेली.

हरेश चिडला नाही. त्याने चष्मा काढून रुमालाने पुसला आणि सासूबाईंकडे, हौसाबाईंकडे, आणखी अर्धा कप चहा मागितला. मग खाली बघत म्हणाला, “मला वरून सांगितलं, सही घेऊन या. इथवर गाडी चालवताना मनात एकच होतं, की तुम्ही नाही म्हणावं. तुमच्या जागी मी असतो तर मला म्हणता आलं असतं की नाही, कुणास ठाऊक.”

हैबतरावांचा चेहरा उतरला होता, पण ते विचारात होते. शेवटी त्यांनी हरेशला विचारलं, हा पंप अडकून पडलाय हे विमान खात्याला लिहून कळवलंय का? हरेशने नाही म्हटलं. कळवलं तर परवाना तिथल्या तिथे रोखतील, अशी वरच्यांना भीती होती.

इथे मात्र हैबतराव तापले. “बत्तीस वर्षं कचेरीत घालवली मी. दडवलेलं सापडलं तर साहेब कारवाईच करतो, त्याच्याकडे दुसरा इलाज नसतो. तेच आपण आधी अर्ज देऊन सांगितलं, तर त्याला मुदत द्यायला जागा राहते. तुमच्या कंपनीत अर्ज लिहिता येणारा एक माणूस नाय?”

सही कर म्हणून अर्ध्या तासापूर्वी गळ घालणारा माणूस आता पाट ओढून कागद शोधत होता. अर्ज त्यांनीच रचला. ते मराठीत सांगत गेले, हरेश इंग्रजीत उतरवत गेला. पंप कधी काढला, दुरुस्तीला कधी गेला, परत कधी आला, कस्टमची पावती कोणत्या तारखेची, सगळं ओळीने. शेवटी विनंती, की दाखल्याची मूळ प्रत सिंगापूरहून मागवली आहे, तोवर मुदत मिळावी. सोबत काय काय जोडायचं त्याचे अनुक्रमांक हैबतरावांनी समासात घातले. ती सवय त्यांच्या हातातून गेली नव्हती. मूळ प्रत अजून कुणी मागवलीच नव्हती, हे कमळाकरने लक्षात आणून दिलं, तेव्हा हैबतराव म्हणाले, मग आधी ती मागवा. हरेशने पूल ओलांडून रोह्याच्या बाजारातल्या आयएसडी बूथवरून सिंगापूरला फोन लावला.

इंग्रजी टायपिंगसाठी पेणला जावं लागलं. तिथे नमिताची मैत्रीण समीक्षा टायपिंगचा क्लास चालवायची. शनिवारची शेवटची बॅच सुटायच्या बेतात होती. तिने मुलींना घरी जाऊ दिलं आणि स्वतः मशीनवर बसली. ‘हायड्रॉलिक’चं स्पेलिंग तिने कमळाकरला दोनदा विचारलं. कार्बन घालून तीन प्रती निघाल्या. तिसरे विमान आज उडण्यालायक नाही, असं एक वाक्य अर्जात स्वतंत्र ओळीवर होतं, आणि त्याखाली देखभाल इंजिनिअरची सही हवी होती. ती कमळाकरने तिथल्या तिथे, तिन्ही प्रतींवर केली.

मग हरेशने पेणच्या एसटीडी बूथवरून मोठ्या साहेबांना फोन केला. काचेपलीकडून कमळाकरला फक्त त्याची पाठ दिसत होती. पंधरा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा शर्ट घामाने चिकटला होता. वरचे खूप ओरडले, असं त्याने सांगितलं. पण दुसरा रस्ता कुणालाच सुचला नाही, तेव्हा अर्ज द्यायचं ठरलं.

सोमवारी तपासनीस आले. वयस्क, कमी बोलणारे गृहस्थ होते. अर्ज त्यांनी उभ्याउभ्याच वाचला. मग बॅगेतून स्वतःची वही काढली. दुसऱ्या विमानाला बसवलेल्या पंपाचा नंबर त्यांनी कागदपत्रांतून आधीच टिपून ठेवला होता आणि तो तिसऱ्या विमानाचा आहे हेही त्यांना ठाऊक होतं. आज हे विमान तयार म्हणून दाखवलं असतं तर परवाना आणि सही करणाऱ्याचं लायसन्स, दोन्ही रद्द करायच्या तयारीने मी आलो होतो, असं ते शांतपणे म्हणाले. तपासनीसांनी पंपाची रिकामी जागा बॅटरीच्या उजेडात पाहिली, सप्टेंबरची नोंद पाहिली आणि पंचेचाळीस दिवसांची मुदत लिहून दिली.

कमळाकर हँगरबाहेर येऊन पाण्याच्या पिंपापाशी बसला. दोन ग्लास पाणी प्यायला. हरेश शेजारी येऊन टेकला आणि त्यानेही आपला ग्लास भरून घेतला.

मूळ दाखला आठ दिवसांत आला. त्यानंतर चार दिवसांनी पंप सुटला. कमळाकरने तो दोन दिवस लावून बसवला, इंजिनं चालवून दाब तपासला, गळती नाही ना ते स्वतः खाली झोपून पाहिलं, आणि मग पुस्तकात सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरं विमान नागपूरला निघालं. त्याचे बोर्डिंग पास सुशीलच्या काउंटरवरून दिले गेले. त्याने तिथूनच अष्टमीला फोन लावला.

हैबतरावांनी फोन कानाला लावून ऐकलं, डोळे पुसले आणि माजघराकडे बघून म्हणाले, “गेलं गो, गेलं.”

हौसाबाई हातातली परात टाकून धावत आल्या. “कोण गेलं?”

“विमान गेलं. नागपूरला.”

“मग नीट सांगायचं नाय का,” म्हणत त्या तिथेच जमिनीवर बसल्या, आणि नमिताला इतकं हसू आलं की हातात घेतलेल्या फोनवर सुशील काय विचारतोय तेही तिला ऐकू येईना.

नीलपंख काही फार टिकली नाही. भागीदार मिळाला नाही, प्रवासी महागाईने आटले, आणि दीड वर्षांनी मालकांनी विमानं परत देऊन कंपनी रीतसर बंद केली. पण तोवर सुशीलचं लग्न झालं होतं आणि तो दुसऱ्या कंपनीच्या कार्गो विभागात लागला होता. कमळाकर नव्या नोकरीच्या मुलाखतीला गेला, तेव्हा समोर बसलेल्या माणसाने फाइल उघडायच्या आधीच विचारलं, पेणला अर्ज टाइप करून घेणारे ते तुम्हीच का? हरेशने सांगितलं असावं. कमळाकर हो म्हणाला, आणि कधीपासून रुजू व्हाल, एवढंच बोलायचं उरलं.