सासूबाईंची खुर्ची

जुनं फर्निचर घेऊन, तासून, पॉलिश करून पुन्हा विकणाऱ्या माणसाच्या घरात स्वतःचं असं फर्निचर नसतं. पुढे दुकान, मागे घर, मधे एक दार. त्या दारातून वस्तू येत-जात राहतात. जेवायला बसावं तर टेबल सकाळीच गेलेलं असतं. बायको म्हणते, "एक दिवस मलाही पॉलिश मारून विकशील." मी एकदा म्हणालो, पॉलिश कशाला, आहे तशीच खपशील. त्यानंतर दोन दिवस भाजीत मीठ नव्हतं.

विकायची नाही अशी घरात एकच वस्तू होती. सासूबाईंची खुर्ची.

गुडघे गेले म्हणून त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा दुकानातल्या झाडून साऱ्या खुर्च्या बघितल्या. एकीतूनही त्यांना आपलं आपण उठता येईना. बायको दिवसभर दवाखान्यात नोकरीला. घरी उरलो आम्ही दोघं. आणि जावयाच्या हाताला धरून उठण्यापेक्षा त्यांनी जन्मभर बसून राहणं पत्करलं असतं. म्हणून मी बंद पडलेल्या एका कचेरीतली हातांची खुर्ची आणली. फाटलेला वेत काढून फळी बसवली, पायांना खालून ठोकळे जोडले, हात पुढे वाढवले. त्या बसून बघायच्या आणि फर्मान सोडायच्या, "जावईबापू, अजून बोटभर उंच." मी ठोकळे बदलायचो. "आता पाय लोंबतात." पुन्हा बदलायचो. शिसवी कपाटावर मी इतका घाम गाळला नसेल. शेवटी एकदा दोन्ही हातांवर भार देऊन त्या झटक्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरी आहे." त्यांच्या तोंडून 'बरी' निघणं म्हणजे आमच्या घरात सोहळाच.

तेव्हापासून त्या खुर्चीत बसून त्या माझ्या धंद्यावर देखरेख करू लागल्या. गिऱ्हाईकाशी बोलताना कपाळाला आठ्या का घालता? भाव सांगताना खाली का बघता? आणि चार वाजता मी केलेला चहा हातात घेतला की रोजचा एकच शब्द: "पुळकवणी." पण प्यायच्या मात्र शेवटच्या घोटापर्यंत.

तर सोमवारी मी एक कपाट आणायला गेलो. परत येऊन बघतो तो खुर्ची गायब, आणि सासूबाई सोफ्याच्या सुट्या खुर्चीत कमरेपर्यंत रुतलेल्या.

"खुर्ची कुठे गेली?"

"विकली."

"कुणी?"

"मी. इथे दुसरं होतं कोण?" चेहऱ्यावर असा आनंद की लॉटरी लागली असावी. "एक बाई तुमचं ते आरशाचं टेबल बघायला आल्या होत्या. ते त्यांना पटेना. म्हटलं, रिकाम्या हाताने कशाला जाता, ही बघा. माझ्याखालचीच दाखवली. बसून बघितली आणि घेऊनच गेल्या. तुम्ही सांगितला असता त्याच्यापेक्षा भावही चांगला घेतलाय. जाताना त्यांनीच धरून मला इथे बसवलं."

आरशाचं टेबल मला महिनोन्‌महिने खपवता आलेलं नाही. आणि या बाईंनी अंगाखालची खुर्ची विकली!

सासूबाईंवर ओरडता येत नाही. मग मी पटाशीवर ओरडलो, खिळ्यांच्या डब्यावर ओरडलो, आणि रस्त्यातल्या एका निरपराध कुत्र्यावरही. नवीन खुर्ची करायची म्हणजे आठवडा जाणार, आणि इथे एका हॉटेलवाल्याच्या जुन्या दारांची बाकं करून द्यायची होती. तो दिवसातून तीनदा फोन करत होता. मी सासूबाईंना म्हणालो, "थोडे दिवस चालवून घ्या."

"सावकाश करा. ही छान आहे," त्या म्हणाल्या.

छान! तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. माझ्या कामाला 'छान' म्हणणारी ही बाईच नव्हे.

चार वाजता चहा नेला, तर म्हणाल्या, "नको." मंगळवारी, "नको." बुधवारीही नको. शेजारी ठेवलेला पाण्याचा तांब्या सकाळी भरलेला तसाच संध्याकाळी भरलेला. मी समजलो, बाई रुसल्या. बोललो नसलो तरी पटाशीवरचं ओरडणं कुणासाठी होतं ते त्यांना कळलं असणार. कळू दे, म्हटलं. खुर्ची विकायची यांनी, रुसायचं यांनी, आणि मनधरणी करायची मी? चोराच्या उलट्या बोंबा, तशातली गत. मी दोघांचा चहा एकट्याने प्यायलो आणि रंधा जरा जोरातच चालवला.

बायकोने विचारलं, "तू आईला काही बोललास का?"

"मी? मी या घरात शिंकतोसुद्धा परवानगी घेऊन."

गुरुवारी तिचा दवाखान्यातून फोन आला की उशीर होईल. मी सासूबाईंना सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या, पण आवाज अगदी बारीक. मी आरशाचं टेबल पुसायला घेतलं. आरशात माझ्यामागचा कोपरा दिसत होता. सासूबाईंनी माझ्या पाठीकडे बघितलं, दोन्ही मुठी गादीत रोवल्या आणि जोर केला. वीतभर उचलल्या गेल्या आणि परत आत बसल्या. पुन्हा केला. पुन्हा बसल्या. मग मी बघितलं नाही ना याची खात्री करून घेत त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. ओठ घट्ट मिटलेले.

आणि मला तो न प्यायलेला चहा कळला. भरलेला तांब्या कळला. रोज संध्याकाळी बायको उंबऱ्यात पाऊल टाकते न टाकते तोच "हात दे गं" म्हणून त्या तडक न्हाणीघराकडे का निघतात, तेही कळलं. उठता येत नाही म्हणून ही बाई चार दिवस दिवसभर तहानलेली बसली होती. माझ्यापासून चार हातांवर! मला असा संताप आला की हातातलं फडकं मी भिरकावून दिलं.

"अहो, सांगायचं तरी!"

"तुम्ही नका येऊ," त्या घाईघाईने म्हणाल्या. डोळे भरलेले. "ती येईल इतक्यात."

"ती उशिरा येणार आहे! विकली कशाला पण तुम्ही ती खुर्ची?"

त्यांनी पुसलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मुलीच्या घरी नुसती बसून खाते मी. म्हटलं, एक तरी वस्तू माझ्या हातून खपू दे."

मी आत जाऊन गाडीचा जॅक घेऊन आलो. जड कपाटं उचलून खाली पाय बसवायला तो माझ्याकडे असतोच. सोबत उरलेले ठोकळे घेतले.

"हे काय आणि?"

"हलू नका. हातही लावत नाही तुम्हाला."

सोफ्याच्या चौकटीखाली मधोमध जॅक घातला आणि दांडा फिरवायला लागलो. खुर्ची सासूबाईंसकट कुरकुरत वर आली. चारही पायांखाली ठोकळे सरकवले. खुर्चीच्या हातांवर दोन जाड पट्ट्या ठोकल्या, बाई बसलेल्या असतानाच.

"सांगा आता."

"छान आहे."

"छान नको! चुकतंय कुठे ते सांगा!"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग मुठींनी गादी दाबून बघितली. "मधे खड्डा आहे."

मी त्यांच्या पाठीमागून गादीखाली फळी सारली. "आता?"

"डावीकडे कलते. सुतारकाम करता की चेष्टा?"

मी डावीकडे एक पाचर ठोकली. "अजून?"

"अजून बोटभर उंच, जावईबापू."

मी दांडा फिरवला, पायांखाली आणखी एकेक ठोकळा सारला. त्यांनी पट्ट्यांवर हात टेकले, डोळे मिटले आणि उठल्या. आपल्या आपण. एक क्षण तशाच उभ्या राहिल्या आणि मग, भिंतीला हात लावत, माझ्याकडे न बघता, पण शक्य तितक्या वेगाने न्हाणीघराकडे गेल्या. मी जॅक काढून घेतला, भुसा झाडला. उगाचच झाडला, कारण तिथे भुसा नव्हता.

परत येऊन त्या खुर्चीत बसल्या. तांब्या उचलून अर्धा रिकामा केला.

"चहा टाका," म्हणाल्या. "पुळकवणी नको. आणि दोन कप टाका."

"मला नकोय, मी मघाशीच प्यायलो."

"तुम्हाला कोण विचारतंय? दोन्ही मला."