मावशीचे वजन मी सांगणार नाही

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. रुग्णालयात लहान मुलांच्या विभागात दाराआड उभा असतो. रंग पार उडाला आहे, एक चाक कुरकुरते. पण वजनाच्या बाबतीत अजून कुणी माझ्याकडे बोट दाखवलेले नाही. म्हाताऱ्याची बढाई म्हणा हवे तर!

एकेकाळी माझ्याशिवाय इथले पान हलत नसे. मग आकडे चमकवणारा नवा काटा आला आणि माझ्या डोक्यावर जुन्या चादरींचे गाठोडे बसले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? मोठ्या सिस्टर मात्र दर सोमवारी ते गाठोडे उचलत, माझ्यावर दहा किलोंचे वजन ठेवत आणि तबकडीवरची सुई वाकून बघत.

एके सकाळी नव्या काट्याचे सेल संपले आणि मला बाहेर काढले. त्याच दिवशी टिल्ली आली. वय वर्षे तीन. तिला अधूनमधून झटके येत, म्हणून मेंदूचा फोटो काढायचा होता. त्या यंत्रात अर्धा तास निपचित पडावे लागते, म्हणून आधी झोपेचे औषध देतात. ते मुलाच्या वजनावर मोजतात. कमी पडले तर मूल मध्येच उठते. जास्त झाले तर श्वासच मंदावतो.

आई खाली फॉर्म भरत होती. टिल्ली सोबत आलेल्या सख्ख्या मावशीला अशी बिलगली की सुटेना. मग चष्मेवाल्या सिस्टरांनी दोघींना एकत्र माझ्यावर उभे केले. आता मावशीचे वजन वजा केले की झाले! पण समोरच्या बाकावर चार माणसे बसलेली. मावशी पटकन खाली उतरली आणि आपला आकडा सिस्टरांच्या कानात सांगून मोकळी झाली. वजाबाकी झाली. टिल्ली : बावीस किलो.

औषध भरण्याआधी तो कागद मोठ्या सिस्टरांच्या हाती गेला. दोघींनी तपासल्याशिवाय इथे सुई भरत नाहीत.

“बावीस? अहो, फुंकर मारली तर उडेल ही! मावशी, एकट्या उभ्या राहा बघू.”

“सांगितलं ना मघाशी! मला काय माझं वजन माहीत नाही?”

“असेल हो माहीत. पण औषध तुम्हाला नाही, हिला द्यायचंय. जास्त गेलं तर पोरीचा श्वास थांबेल.”

मावशीने रडत्या टिल्लीला कसेबसे चष्मेवाल्या सिस्टरांच्या कडेवर दिले. मोठ्या सिस्टरांनी पडदा ओढला. चपला काढून मावशी चढली. माझी सुई तिने सांगितलेल्या आकड्यापाशी आली आणि आणखी नऊ किलो पुढे गेली. म्हणजे टिल्ली तेराच किलोंची!

“माझ्या लाजेपायी पोर गेली असती हो!” मावशी मटकन स्टुलावर बसली आणि रडू लागली.

“गेली नाही ना? मग डोळे पुसा. आणि घाबरू नका, हा काटा कुणाला काही सांगत नाही.”

डॉक्टरीणबाईंनी आकडा पुन्हा पाहिला आणि मगच औषध दिले. बोटाला श्वासावर लक्ष ठेवणारा चिमटा लावला, शिवाय चष्मेवाल्या सिस्टर शेजारून हलल्या नाहीत. फोटो नीट निघाला. दुपारी टिल्लीने डोळे उघडले आणि फर्मान सोडले, “मावशी, भूक!” मावशी हसली आणि पुन्हा रडली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तपासत राहा, आम्ही दगा देत नाही. आणि कुणाला घेऊन रुग्णालयात आलात, तर वजन असो, शेवटचे कधी खाल्ले ते असो की घरचे औषध, विचारतील ते खरे सांगा. लाज घरी ठेवून या.

मावशीचा आकडा? तो विचारू नका, मी शब्दाचा पक्का आहे. टिल्लीचा मात्र सांगतो. परवा, सहा महिन्यांनी, ती पुन्हा तपासणीला आली, कुणाचाही हात न धरता माझ्यावर चढली आणि ताठ उभी राहिली. साडेचौदा किलो!