नंदाबाईंचा डोळा

"साठ," नंदाबाई म्हणाल्या आणि गुलाब साठच्या ढिगात टाकला. फुलशेती बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने तो उचलून पट्टीला लावला. साठ सेंटिमीटर. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सुपरवायझर आरिफ असा हसला, जणू दांडी त्यानेच वाढवली होती.

शेजारच्या टेबलावर शालूबाईंनीही मनात साठच म्हटलं होतं. पण मनातल्या आकड्याला कोण टाळ्या देणार?

पवना नदीच्या काठच्या या पॉलिहाऊसवर दोघी एकाच महिन्यात लागल्या, त्याला बारा वर्षं झाली. काम एकच. दांडीच्या लांबीप्रमाणे चाळीस, पन्नास, साठ असे ढीग लावायचे. नंदाबाईंच्या जुड्या आजवर दोनदा परत आल्या होत्या, शालूबाईंची एकही नाही. हे फक्त शालूबाईंच्या लक्षात होतं. फोटो मात्र ऑफिसात नंदाबाईंचा. तिकोणा पेठ गावात कुणाचा अंदाज बरोबर आला की लोक म्हणत, नंदाबाईचा डोळा हाय जनू. शालूबाईंचा नवराही एकदा म्हणाला. त्या दिवशी त्याला भाजी खारट मिळाली.

आता वराळ्याला नवी शेड होत होती आणि तिथल्या मुलींना शिकवायला एक बाई हवी होती. ती जागा शालूबाईंना हवी होती. मग त्या कामापेक्षा नंदाबाईंकडेच जास्त बघू लागल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना दिसलं. नंदाबाई फूल बोटांत धरत आणि दांडी हाताच्या आतल्या अंगाला टेकवत. तिथे जुनं गोंदण होतं. कोपराशी एक ठिपका, दंडावर दुसरा, बाहीच्या काठाला तिसरा. चाळीस, पन्नास, साठ.

संध्याकाळी घरी नेणाऱ्या टेम्पोत शालूबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "डोळा कसला गं? हात लावून मोजती ती."

बायकांतली येसूबाई हळूच म्हणाली, "म्हंजी मापं अंगावरच हायेत? आई गं."

नाव मोठं व्हायला कष्ट लागतात म्हणतात. लागत असतील. पण शेजारी मनापासून जळणारं एक माणूसही लागतं. तेवढ्या तळमळीने दुसरं कोण बोलणार? आठवड्यात गोष्ट अशी झाली, की नंदाबाईंच्या आजीनेच नातीच्या हातावर गुलाबाची मापं गोंदवून घेतली होती. तेव्हा मावळात गुलाबाची शेती नव्हती, हे कुणी विचारात घेतलं नाही. पाहुणे आता हाताचे फोटो काढू लागले.

वराळ्यासाठी आरिफने अर्थातच नंदाबाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली.

"मला न्हाई जमायचं, आरिफभाऊ. दोन वर्सं झाली, पट्टीवरचे आकडेच दिसत न्हाईत. मोतीबिंदू हाय. म्हनून तर हात लावती." मग त्यांनी शेजारच्या टेबलाकडे बोट केलं. "डोळा तिचा हाय. तिला न्या."

शालूबाईंनी मान वर केली नाही. बारा वर्षं हवं होतं ते वाक्य मिळालं होतं, आणि तेही तिच्याकडूनच.

वराळ्यात पहिल्या दिवशी कोमल नावाच्या मुलीने विचारलं, "मावशी, तुम्ही नंदाबाईंच्या हाताखालच्या ना?"

शालूबाईंनी आधी दोन जुड्या बांधल्या.

"व्हय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सातही मुली हातावर निळ्या बॉलपेनचे तीन-तीन ठिपके काढून आल्या. शालूबाईंनी प्रत्येकीचा हात नुसता बघितला. कोमलचा मधला ठिपका बोटभर वर गेला होता. त्यांनी पदराचं टोक ओलं करून तो पुसला, पेन मागून घेतलं आणि पट्टी न लावता जिथे हवा होता तिथे काढून दिला.