उजवीकडची खाच

केजेटिया बाजारात बिरागोचा कापडाचा धंदा एका सवयीवर उभा होता. नवा माल आला की ती आधी एक कोपरा पाण्यात बुडवून बघायची. रंग सुटला तर अख्खा गठ्ठा परत. माणसांनाही ती असंच बुडवून बघायची, फक्त त्यांना ते उशिरा कळायचं.

त्या गुरुवारी ती नवऱ्याला घेऊन आडुम पेठेतल्या इसाकाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आली, तेव्हा तिच्या पिशवीत कापडात गुंडाळलेली एक जुनी हार्ड डिस्क होती. ती ज्या कॉम्प्युटरमधली, तो कधीच भंगारात गेला होता. डिस्कवर बिरागोच्या साखरपुड्याचा व्हिडिओ होता आणि त्या व्हिडिओत तिचे वडील बोलत होते. शनिवारी धाकट्या बहिणीचा, आमोआकोआचा, साखरपुडा. मुलाकडच्यांनी आणलेल्या दारूच्या बाटल्या ठेवून घ्यायच्या का, हे मुलीला भरल्या सभेत तीनदा विचारतात. तिनं तोंडानं हो म्हटलं तरच पुढचं सगळं. बिरागोला वडिलांनी विचारलं होतं. आता ते नाहीत, म्हणून बोआतेंग मामा विचारणार होते, आणि मामांनी नुसतं ‘जेवलीस का’ विचारलं तरी समोरच्याला आपण काहीतरी चोरलंय असं वाटायचं. आमोआकोआनं सांगून टाकलं होतं, बाबांच्या आवाजात विचारा, नाहीतर मी गप्प बसेन.

इसाकानं दोन डॉक काउंटरवर मांडले. एक साधा: काळा डबा, वर एकच खाच. तीत डिस्क उभी खोचायची, मागची वायर कॉम्प्युटरला लावायची, संपलं. दुसरा रुबाबदार: दोन खाचा, दिव्यांची रांग आणि नकलेचं बटण. कॉम्प्युटरची गरजच नाही, इसाका म्हणाला. पहिल्या खाचेतलं सगळं दुसऱ्या खाचेत उतरतं.

बिरागोचा नवरा अनोक्ये शाळेत भूगोल शिकवायचा आणि बटण दिसलं की हरखायचा. हाच घ्यायचा, असं त्यानं किंमत ऐकायच्या आधीच जाहीर केलं. असल्या गिऱ्हाइकाला इसाका मनातल्या मनात दुवा देत असे. त्यातून मास्तर स्वतःचीही एक डिस्क घेऊन आले होते. तिच्यात कोटोको संघाचे वर्षानुवर्षांचे फुटबॉल सामने साठवलेले होते. दोन्ही डिस्कांची नक्कल एका डब्यात होईल, म्हणजे डबा अर्ध्या किमतीतच पडला, हा हिशेब त्यांनी बायकोला दोनदा समजावला.

“मग आधी तुमचीच लावा, मास्तर,” बिरागो म्हणाली.

“माझी का?”

“कोपरा भिजवून बघते.”

मास्तरांना यात मानच वाटला. त्यांनी सामन्यांची डिस्क उजव्या खाचेत बसवली आणि इसाकाकडची नवी कोरी डावीकडे. पहिली खाच कुठली, हे कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं त्यात? सभेत शिरलं की हात मिळवायची सुरुवात उजवीकडून होते, वडीलधारा तिथून मोजायचा. जुन्या डिस्कला डावीकडे कोण बसवील? इसाकानंही मान डोलावली. खाचांखाली बारीक अक्षरं होती खरी, पण त्यांच्यावर इसाकानंच किमतीची चिठ्ठी डकवली होती.

बटण दाबलं. दिवे पळायला लागले. तिघांनी शेजारून चवळी घातलेला भात, वाक्ये, मागवला आणि खाता खाता मास्तरांनी डब्याच्या हुशारीवर छोटंसं व्याख्यान दिलं. ताटल्या रिकाम्या झाल्या तेव्हा बिरागोनं थांबवायला सांगितलं, नमुन्यापुरतं पुष्कळ झालं म्हणाली.

इसाकानं डावीकडची डिस्क आपल्या कॉम्प्युटरला लावून बघितली. कोरी. मग उजवीकडची लावली. तीही कोरी.

मास्तरांनी चष्मा पुसला. इसाकानं नखानं किमतीची चिठ्ठी खरवडली आणि खालची अक्षरं वाचली.

“हा डावीकडून मोजतो,” तो हळूच म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे कोऱ्या डिस्कची नक्कल झाली, मास्तर. तुमच्या डिस्कवर. एकदम चोख झाली.”

“कुठल्या बेशिस्त घरात बनवलाय हा?” मास्तरांचा आवाज चिरकला. “आणि अंतिम सामना? त्यात अंतिम सामना होता.”

“तो आपण जिंकलो होतो ना?” बिरागोनं विचारलं. “मग आठवून बघा.”

पण पिशवीवरचा हात तिनं काढला नव्हता. तीच डिस्क आधी लावली असती तर, हा विचार तिनं पुरा होऊ दिला नाही. एका खाचेचा डबा तिनं पुढे ओढला.

“याला बटण नाही,” इसाकानं प्रामाणिकपणे सांगितलं. मघाच्या प्रकारानंतर त्याला प्रामाणिकपणाची घाई झाली होती.

“म्हणूनच घेतेय.”

डिस्क खोचली. ती आधी कुरकुरली, मग घरघरली, मग एका सुरात फिरू लागली. इसाकानं आधी सगळं आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं आणि मगच व्हिडिओ उघडला. पडद्यावर मांडव आला, बाटल्या आल्या, एक सडपातळ अनोक्ये येऊन गेला. मग वडील उभे राहिले, खांद्यावरचं कापड सावरत. इसाकानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी तो स्टुलावरून उठला.

बिरागोनं बहिणीला फोन लावला आणि तो स्पीकरजवळ धरला.

“पोरी,” वडील म्हणाले, “हे लोक बाटल्या घेऊन आलेत. ठेवून घेऊ का? घाई नको करू. मला कुठं जायचंय?”

नाव त्यांनी घेतलंच नव्हतं. बिरागो हे विसरून गेली होती. कुठल्याही लेकीला लागू पडेल असंच विचारलं होतं त्यांनी. दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, पडद्यावरची बिरागो हो म्हणाली, टाळ्या वाजल्या.

“ऐकलंस ना गं?” बिरागोनं विचारलं.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“परत लाव, ताई,” आमोआकोआ म्हणाली. “मी अजून हो म्हटलेलं नाही.”