पेळूची जट

"मान हलावू नको, बेटा. मी शे ना."

झुंबरबाईच्या मायचा हा आवाज. मायला जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि हे बोलणं त्याच्याही किती आधीचं, भडगावला, गिरणेकाठच्या घराच्या मागच्या पडवीतलं. तरी कुणाच्याही केसांना फणी लावली की तो आवाज कानाशी यायचा. आता तर माणसाचं डोकंही लागत नव्हतं. सशाच्या पाठीवरून फणी फिरवताना माय शेजारी येऊन बसायची.

ससे म्हणजे तुरीच्या ओळीतून सुसाट सुटणारे आपले भुरे ससे नव्हेत. हे विलायती. धुळ्याच्या त्या गल्लीत कुणाच्या बापाने असले ससे पाहिले नव्हते, आणि नेमके म्हणूनच ते शालिग्रामने आणले होते. शालिग्राम हा झुंबरबाईचा धाकटा दीर. कापसाची दलाली करायचा. चाळीसगावच्या रेल्वेतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा कुणी त्याची खुर्ची घेतली, कुणी घड्याळ घेतलं. शालिग्रामने दोन ससे घेतले. बोटाहून लांब केस. पिंजलेल्या कापसाचे दोन ढीग टोपलीत ठेवलेत आणि त्यांना डोळे फुटलेत, असं ते ध्यान.

शालिग्रामने त्यांची नावं ठेवली राजा आणि राणी.

"जल्ममा ज्याले कोनी नाना म्हने नही," झुंबरबाई चुलीशी पुटपुटली, "त्याना घर राजा-राणी उनात."

मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. तिचा नवरा चिंधा, शालिग्रामचा थोरला भाऊ, लग्नाच्या चौथ्या वर्षी साथीच्या तापात गेला. तेव्हापासून वीस वर्षं ती या घरात राबत होती आणि दोन वेळची भाकरी खात होती. भाकरी खाणाऱ्याने तोंड त्याच कामाला वापरावं, असा त्या घराचा न बोललेला नेम होता.

राजाला ती पेळू म्हणायची. चरख्यावर लावतात तो कापसाचा पेळू. तसाच मऊ, तसाच हातात धरला की विरघळेल असा. सशांची उस्तवार तिच्याच गळ्यात पडली होती, कारण शालिग्रामला ससे दाखवायला हवे होते, सांभाळायला नव्हे. एक दिवसाआड ती पेळूला मांडीवर घ्यायची आणि केसांची गाठ दिसली की मायने शिकवलं तसं करायची. गाठीचं मूळ कातडीजवळ दोन बोटांत घट्ट धरायचं, म्हणजे ओढ बोटांना बसते, कातडीला नाही. चिमूटभर ज्वारीचं बारीक पीठ चोळायचं. मग टोकाकडून एकेक केस सुटा करत आत यायचं. पाण्याचा थेंब नाही, घाई नाही. सशाची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा. जरा हिसका दिला की फाटली. हात चालायचे तशी ती गुणगुणायची:

*गुंता गं केसाचा, सोडव टोकाकून,*
*मुळाशी ओढता, जीव ये डोळ्यातून.*

पेळू डोळे अर्धे मिटून ऐकायचा. त्या घरात तिचं पुरतं ऐकून घेणारा तेवढा एकच जीव होता.

श्रावणात झुंबरबाईची भडगावची भावजय बाळंत झाली. महिनाभर जावं लागलं. जाताना तिने सशांची फणी चुकवू नको म्हणून शेवंताबाईला चार वेळा बजावलं. शेवंताबाई शालिग्रामची बायको. मनाने लोणी, अकलेने ताक. सात वर्षांनी पहिल्यांदा पोट राहिलं होतं, चौथा महिना लागला होता, त्यामुळे उंबरठा ओलांडतानाही देवाला विचारून ओलांडायची.

महिन्याने झुंबरबाई परतली तेव्हा टोपलीत एकच ससा होता.

"राणी?"

शेवंताबाईच्या डोळ्यांना धार लागली. "अक्का, मी काय वाईट करं? कानबाई येनारी व्हती ना घर. बठ्ठं धोयं. भिती सारवल्यात, भांडा धोयात, माणसं न्हायनात. मंग ससाच कशा पारोसा ठेवाना? शिकेकाई लाई, ऊनऊन पानी घालं..."

"ससाले? शिकेकाई?"

"दोन्हीस्ले. राणी सांजलोंग गार पडनी."

झुंबरबाई कपाळाला हात लावून बसली. कानबाई घरी येते तेव्हा घरात कुणी पारोसं राहायचं नाही, हे खरं. पण खांदेशभर कानबाई बसते, आणि आजवर कुणी मांजराला न्हाणीत नेलं नव्हतं, की कोंबड्यांना पाटावर बसवून उटणं लावलं नव्हतं. ती अक्कल देवीने या घरासाठी राखून ठेवली होती.

तिने पेळूला उचललं आणि हाताला भलतंच काही लागलं. ओले केस श्रावणाच्या दमटात कुणी सोडवले नव्हते. ते एकमेकांत बसून त्यांचा घोंगडीसारखा नमदा झाला होता. कानामागून निघालेली गाठ मानेवरून खाली उतरून पुढच्या पायाच्या बगलेत शिरली होती. गोवरीसारखी घट्ट. पाय पुढे टाकला की ती कातडी खेचायची, म्हणून पेळू पाऊलच टाकत नव्हता. आणि त्या गाठीवर हळद होती, कुंकू होतं, आणि दोन सुकलेली झेंडूची फुलं.

"हे काय?"

"जट शे, अक्का," शेवंताबाई कुजबुजली. "देवी बसनी. पितांबर भगतनी सांगं."

हा पितांबर दोन वर्षांमागे तपकीर विकायचा. मग तपकीर खपेना आणि दाढी मात्र वाढली, तेव्हा त्याने त्यातल्या त्यात चालणारा धंदा धरला. शालिग्रामच्या ओट्यावर बसून त्याने सशाच्या मानेची गाठ पाहिली, डोळे फिरवले, अंगाला दोन हिसके दिले आणि सांगून टाकलं: देवीने राणीला नेलं आणि राजावर बसली. ज्या बयेला बसायला सारं धुळं मोकळं होतं, ती सशाच्या बगलेत येऊन बसली!

पण गल्लीने मानलं. आणि शालिग्रामने तर सगळ्यांत आधी मानलं. ज्याच्या ओट्यावर कुत्रं उभं राहत नव्हतं, तिथे आता बाया नारळ घेऊन येत होत्या. त्याला वाटेत रामराम मिळू लागला. त्याने नवी टोपी घेतली. ओट्यावर खुर्ची टाकून तो असा बसायचा, की जट सशाला आली की त्यालाच, असा पाहणाऱ्याला प्रश्न पडावा. लोक असले की तो शुद्ध बोलायचा.

"वहिनी, त्याच्या केसांना आता फणी लावायची नाही. देवस्थान आहे ते."

"देवस्थान काही खात नही, भाऊ. दोन दिन व्हयनात, पालाले तोंड लावं नही."

"उपास असेल," पितांबर म्हणाला.

झुंबरबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो नारळाचं खोबरं चावत होता. देवीचा उपास सशाने करायचा आणि पारणं भगताने फेडायचं, अशी चोख वाटणी होती.

तिने नुसता पाला पेळूच्या तोंडाजवळ सरकवला. ती जटेबद्दल बोलत नसे. कधीच नाही.

कारण नऊ वर्षांची असताना ती चाळीस दिवस तापाने पडली होती. अंथरुणातून उठली तेव्हा मागचे केस एका गोळ्यात बसले होते. आत्या आल्या, शेजारणी आल्या, हात लावून पाहिलं आणि कानाला हात लावून गेल्या. जट. पोरगी देवीची झाली. आता हिचं लग्न नाही, हिला देवीला सोडायची. मायने चार दिवस बोटांनी सोडवून पाहिलं. पाचव्या दिवशी दुपारी, गाव शेतात असताना, तिला पडवीत बसवलं, गाठीखाली फणी सरकवली आणि फणीच्या वरून कातर चालवली. मान हलावू नको, बेटा. जट चुलीत गेली. गावाला सांगितलं, तापाने केस गळाले. आणि झुंबरला सांगितलं, "कोनले सांगू नको. मरालोंग नही."

तिने सांगितलं नाही. सोळाव्या वर्षी या घरात आली, विसाव्या वर्षी कुंकू पुसलं. चिंधाची तिरडी उठली तेव्हा बाया रडत होत्या आणि तिच्या छातीत एकच विचार ठोके देत होता: देवी आली. उशिरा आली, पण आली. वीस वर्षं तो विचार तिने भाकरीबरोबर गिळला. हे घराला कळलं तर काय होईल, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. "आमना भाऊ खाया तुनी," म्हणतील, आणि बोचकं ओट्याखाली येईल.

शुक्रवारी ओटा भरला होता. पलीकडच्या गल्लीतली म्हातारी भागाबाई नारळ घेऊन आली होती. पेळू पाटावर बसवला होता, म्हणजे ठेवला होता. बसण्याइतका जीव त्याच्यात उरला नव्हता. झुंबरबाई पाणी घेऊन बाहेर आली आणि तिला वास आला. ती वाकली. बगलेत, कुंकवाच्या खाली, माशी घुसली होती. आणखी दोन दिवसांत किडे पडले असते.

ती आत गेली. फणी घेतली, वाटीत पीठ घेतलं, शेवंताबाईच्या शिवणाच्या डब्यातली बोथट टोकाची कातर घेतली. बाहेर येऊन तिने पेळूला पाटावरून उचललं आणि ओट्याच्या कडेला, उजेडात, मांडीवर घेऊन बसली.

"वहिनी!" शालिग्राम खुर्चीतून उठला. "कातर ठेवा खाली!"

"हात लाई ठेवाले लावा मंग," ती म्हणाली.

शालिग्राम दोन पावलं पुढे आला आणि थांबला. जटेला हात लागला तर? पितांबरही थांबला. अख्खा ओटा जागच्या जागी. त्यांच्याच भीतीने त्यांचे हात बांधले होते. असा देव करायचा आणि मग त्याच्याजवळ जायला घाबरायचं, यांचं सगळं असंच.

झुंबरबाईने पीठ चोळलं. बोट आत घालून कातडी कुठे संपते आणि गाठ कुठे सुरू होते ते चाचपलं. मग फणी आडवी, कातडीला चिकटून, हळूहळू सरकवली, म्हणजे कातरीने चूक केली तरी लाकडावर व्हावी. गाठ एकदम आडवी कापली नाही. आधी उभी चिरून तिच्या दोन फाळ्या केल्या, फाळ्यांच्या चार. मग एकेक फाळी फणीच्या वरून कच्, कच्.

पेळू थरथरला.

"मान हलावू नको, बेटा," तिच्या तोंडून गेलं. "मी शे ना."

भागाबाई "आई वं, आई वं" म्हणत डोळे झाकून बोटांतून पाहत होती. शेवटची फाळी सुटली. खाली कातडी लालभडक, ओली, पण कुठे फाटलेली नव्हती. झुंबरबाईने कोरड्या फडक्याने माश्या झाडल्या. पेळूने महिन्याभरात पहिल्यांदा पुढचा पाय पुरता ताणला, आणि त्या पायाने आपला कान पुसला.

जट ओट्यावर पडली होती. हळद, कुंकू, शेण, केस. एवढीशी तर होती.

आता पितांबरला कंठ फुटला. दुकान डोळ्यांदेखत मोडलं होतं. त्याला काहीतरी विकायला हवं होतं, आणि त्याने भीती विकायला काढली. त्याने हात वर करून शेवंताबाईकडे बोट दाखवलं. "देवी रिकाम्या हातानी जायची नही! जट कापी त्या घरमाथून एक जीव जास. या घरमा नवा जीव कोना पोटमा शे, ते देवीले ठाऊक शे!"

शेवंताबाईने पोटावर दोन्ही हात धरले आणि उंबरठ्यातच खाली बसली. रडलीही नाही. तोंड पांढरं झालं, नुसतं पांढरं.

झुंबरबाईला ते तोंड ओळखीचं वाटलं. चिंधाच्या तिरडीपाशी ती स्वतः तेच तोंड घेऊन बसली होती. ससा वाचला होता. तिचं काम संपलं होतं. फणी उचलून आत जाता आलं असतं. भाकरी राहिली असती. आणि ही पोरगी अजून पाच महिने पोटात मूल नाही, तिरडी वागवत फिरली असती. मूल जगलं तरी त्याच्या प्रत्येक शिंकेला मेली असती.

"दखाडा!" पितांबर ओट्याला ओरडून विचारत होता. "जट कापी आनि जित्तं ऱ्हायनं, आसं एक तरी माणूस माले दखाडा!"

"मी," झुंबरबाई म्हणाली.

आवाज एवढा साधा आला, की आधी कुणाला कळलंच नाही.

"मना डोकामा जट व्हती. नऊ वरीसनी व्हतू. मायनी ह्याच रीतखाल कापी आनि चुल्हामा टाकी. गावले सांगं, केस गळी गयात."

शालिग्रामची नवी टोपी तिरकी झाली होती. शुद्ध बोलणं तो विसरला. "म्हंजे... मना दादा तुमनामुळे..."

"तुमना दादा तापनी गया, भाऊ. त्या आठ दिनमा या गल्लीमाथून अकरा तिरड्या उठन्यात. बठ्ठास्नी जटा कापेल व्हत्यात का?" वीस वर्षं हा प्रश्न तिने कुणालाच विचारला नव्हता, स्वतःलाही नाही. ती पितांबरकडे वळलीही नाही. पेळूला छातीशी धरून ती उंबरठ्याशी गेली आणि शेवंताबाईसमोर मांडी घालून बसली.

"इकडे दख, शेवंता. मना तोंडकडे दख. एकतीस वरीस व्हयनात त्या जटले. आनि मी तुना पुढे बशेल शे."