झटका कुणाला, स्टूल कुणाला

नीलम नोकरीवरून गेली, तर सुचेता पाटणकरला मिळणार होतं एक स्टूल. ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण मीरा रोडच्या कपड्यांच्या दुकानात सहा वर्षं, सकाळी दहा ते रात्री नऊ, उभ्याने काढलेल्या बाईला विचारा. गोवर्धनशेठच्या दुकानात सेल्सच्या बायकांनी बसायचं नाही असा नियम होता. बाई बसलेली दिसली की दुकान झोपलेलं वाटतं, असं शेठ म्हणत, आणि हे ते फिरत्या खुर्चीत बसून म्हणत.

अपवाद एकच, काउंटरच्या इन्चार्जचा. तिला बिलिंगशेजारी उंच स्टूल. आधीची इन्चार्ज हंसाबेन दिवाळीत लेकीकडे सुरतेला गेली ती तिकडचीच झाली, तेव्हापासून स्टूल रिकामं होतं. उमेदवार दोघी. सुचेताला गिऱ्हाईक कळायचं, नीलमला कॉम्प्युटर. सुचेता त्रेचाळीसची, तिचे गुडघे साठचे. नीलम बावीसची, काशीमीऱ्याहून शेअर रिक्षाने येणारी, पहिलीच नोकरी.

आणि जानेवारीत नीलमला झटके बसायला लागले.

झटके तसे सगळ्यांनाच बसत होते. शिफॉनची ओढणी पाकिटातून ओढली की चटचट आवाज, स्टीलच्या रॉडला हात लागला की सुई टोचल्यासारखं. पण नीलम होती ओढण्यांच्या कोपऱ्यात, त्यामुळे तिचा नंबर सारखा लागायचा. ती गिऱ्हाइकाच्या हातात ओढणी द्यायची आणि बोटाला बोट लागलं की ठिणगी. नया नगरहून लग्नाच्या खरेदीला आलेल्या एका बाईने हात झटकला आणि म्हणाली, "या अल्लाह, लड़की है कि मीटर का डिब्बा?" सगळं दुकान हसलं. नीलमपण हसली, जरा उशिरा.

शेठने इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने टेस्टर जिथे तिथे लावला, दोनदा चहा घेतला, आणि वायरिंग एकदम ओके आहे म्हणून पैसे घेऊन गेला. मग दाराला लिंबू-मिरची आली. लिंबू सुकलं, झटके ताजे.

गुरुवारी एका लहान मुलाच्या गालाला नीलमचा हात लागला. पोराने भोकाड पसरलं, आई भांडली, अकरा ड्रेस बाजूला काढले होते ते तसेच टाकून निघून गेली. शेठने सुचेताला बाजूला घेतलं.

"सुचेताबेन, वायरिंग बरोबर, एसी बरोबर. मग गडबड कशात? पोरीतच ना? शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर सोमवारपासून स्टूल तुमचं."

सुचेता "बघू शेठ" म्हणाली. तोंडाने. गुडघे मात्र लगेच हो म्हणाले.

त्या दुपारी दोघी मागच्या पॅसेजमध्ये डबा खायला उभ्या होत्या. नीलमने दोन्ही हात कुर्त्याच्या बाह्यांत ओढून घेतले होते.

"ताई, एक विचारू? हसू नका."

"हसण्यासारखं असेल तर हसेन."

"माझ्या अंगातच काही आहे का हो? आईने दृष्ट काढली. भाऊ आता माझ्या हातून पाण्याचा ग्लास पण घेत नाही. मस्करीत, पण घेत नाही."

सुचेता हसली नाही. स्टूल हवं होतं, पण या भावात नको होतं.

शुक्रवारी तिने खिशातल्या छोट्या पॅडवर रेघा मारायला घेतल्या. झटका बसला की नावापुढे एक रेघ. संध्याकाळपर्यंत नीलम चौदा, सुचेता नऊ, गिऱ्हाइकं सहा, खुद्द शेठ तीन. आणि कमळाबाई शून्य.

कमळाबाई उत्तनच्या बाजूच्या चौक गावाहून बसने येऊन झाडलोट करायची. दिवसभर तीच सगळे रॉड पुसायची, ओल्या फडक्याने.

"कमळाबाय, तुला नाही लागत?"

"मना न्हाय लागत बाय. तुमी त्या प्लास्टिकच्या होड्या घालून फिरता, तुमाला लागंल नाय तर काय!"

होड्या म्हणजे बूट. सुचेताने खाली बघितलं. जाड सोलचे काळे बूट. अंगात मरून रंगाचा पॉलिस्टरचा कुर्ता. बुटाखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत निळा गालिचा. तिन्ही गोष्टी डिसेंबरच्या शेवटी एकदमच आल्या होत्या. 'शोरूम लुक' म्हणून शेठच्या मेहुण्याने भाईंदरहून पाठवलेल्या. त्याआधी इथे लाद्या होत्या, चपला दाराबाहेर, आणि रोज सकाळी दिवा लावण्याआधी शेठ स्वतः दुकानभर पाणी शिंपडायचे. गालिचा खराब होईल म्हणून ते पाणी आता उंबऱ्याबाहेर पडत होतं. वरून कोरडी हवा आणि दिवसभर एसी. कमळाबाई मात्र अनवाणी, सुती लुगड्यात, हात ओले.

कारण सापडलं. पण शेठला त्यांच्या मेहुण्याचा गालिचा वाईट आहे हे सांगायचं म्हणजे स्टुलाला स्वतःच लाथ मारायची.

शनिवारी सुचेता अर्धा तास लवकर आली. नीलमलाही तिने घरचा सुती ड्रेस घालून बोलावलं होतं. तिने कमळाबाईकडून ओढण्यांच्या कोपऱ्यात गालिच्यावर पाणी शिंपडून घेतलं आणि नीलमला तिथे अनवाणी उभं केलं. शेठ आले.

"आ शूं? गालिचा ओला कोणी केला?"

"शेठ, एक मिनिट. जरा बूट घासत इथपर्यंत या. अजून घासा. आता या रॉडला बोट लावा."

चट्! शेठने बोट तोंडात घातलं.

"आता नीलमच्या हाताला हात लावा."

शेठने देवाचं नाव घेतलं आणि लावला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही.

"परत घासत या. पण या वेळी रॉडला आधी ही शटरची किल्ली टेकवा."

किल्लीच्या टोकाला बारीक ठिणगी उडाली. बोटाला काही नाही. शेठ लहान मुलासारखे तीनदा घासत आले आणि तीनदा किल्ली लावून हसले. मग आठवण झाली आणि चेहरा पडला.

"म्हणजे मेहुण्याचा माल—"

"माल चांगलाच आहे शेठ," सुचेता म्हणाली. खोटं बोलायचं तर माफक बोलावं, हे ती सेल्समध्येच शिकली होती. "पण तुमच्या वडिलांनी सकाळी पाणी शिंपडायची रीत घातली होती, ती काय उगाच?"

वडिलांचं नाव निघाल्यावर शेठला माघार घ्यायला वाट मिळाली. "बापूजी बोलायचेच," ते म्हणाले. बापूजी असं काही बोलल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. पण गालिचा निघाला. बूट गेले, कुर्ते सुती आले, सकाळचं पाणी परत आत आलं. नीलम राहिली, ओढण्यांच्या कोपऱ्यातून थेट कॉम्प्युटरवर. तरी महिनाभर ती एक किल्ली हातात ठेवायची, सवयीने.

आणि स्टूल? तिसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, "बसा बेन. खरं बोलणारा माणूस उभा ठेवला की जास्त बोलतो."

सुचेता बसली. सहा वर्षांनी टाचा जमिनीवरून उचलल्या. त्या उंचीवरून दुकान वेगळंच दिसत होतं, आणि पहिली दिसली ती कमळाबाई. बादली, फडकं, गुडघे टेकलेले. गालिचा होता तोवर व्हॅक्यूमचं मशीन फिरायचं आणि तिला नुसते रॉड पुसायचे असायचे. आता बाराशे फूट लादी, दिवसातून दोनदा.

"कमळाबाय, जरा बस. इथे बस, स्टुलावर."

"उंच हाय गो ते. पडंन मी. तू बस, तुजे गुडगे दुकतात."

सुचेता बसून राहिली, पण मघासारखं बसवेना. संध्याकाळी तिने स्टेशनसमोरून लांब दांड्याचा मॉप घेतला, दोनशे साठ रुपयांचा. शेठकडे बिल लावलं नाही.

तेव्हा हिशेब असा. मेहुण्याने गालिचा परत घेतला अर्ध्या किमतीत, म्हणजे अर्धा शेठने भरला. नीलमने तीन आठवडे हात बाह्यांत लपवून भरले. सुचेताने दोनशे साठ. कमळाबाईने मॉप दोनदा फिरवून बघितला, बरा हाय म्हणाली. मधली सगळी लादी आता ती उभ्याने पुसते. फक्त कोपऱ्यात दांडा पोचत नाही. दुकानाला कोपरे चार. ते तिने भरले, रोज दोनदा, गुडघ्यावर.