घरातलं वळण

अपघातानंतर नवव्या दिवशी पसरणी घाटातलं एक वळण आनंदा भिलारेच्या घरात आलं. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधे ते बसलं. डांबरी रस्ता, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा कठडा आणि कठड्यापलीकडे दरी. रोज दुपारी पावणेचारला त्या वळणावरून हॉर्न वाजवत एक ट्रक जायचा. कुणाला लागायचा नाही, फळीवरची भांडी तेवढी हलायची. विरजण मागायला येणाऱ्या शेजारच्या सरकाळेकाकू कठड्याला धरून आत जायला शिकल्या.

आनंदा टेम्पोनं स्ट्रॉबेरी खाली वाईला पोचवायचा. अपघाताच्या दिवशी याच वळणावर समोरून ट्रक आला, तेव्हा शेजारच्या सीटवर त्याचा मेहुणा होता, बायको मालनचा पाठचा भाऊ हणमंत. हणमंत गेला. आनंदाला चार टाके पडले. तेव्हापासून आनंदानं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. मालन वळण ओलांडून ताट आणायची, ठेवायची, परत जायची. हणमंतचं नाव दोघांनीही काढलं नव्हतं. असे सात महिने गेले.

"ह्या वळणाचं काय ते करून येतो," एका सकाळी आनंदा म्हणाला आणि वाईला डॉक्टर रुक्साना मुजावर यांच्याकडे गेला. रुतून बसलेली आठवण डॉक्टरबाई डोळ्यांच्या हालचालीनं सैल करतात, असं त्यानं ऐकलं होतं.

"सगळ्यात वाईट क्षण समोर आणा," डॉक्टर म्हणाल्या. "दहापैकी किती त्रास होतो?"

"दहा."

"आणि मनात काय येतं?"

"मी हॉर्न दिला नाही."

"मान हलवू नका. फक्त डोळे."

त्यांनी दोन बोटं उभी धरली आणि डावीकडून उजवीकडे नेली. प्रत्येक फेरीला खोली वीतभर रुंद झाली. भिंती सरकल्या तसा डॉक्टरांचा हातही लांब होत गेला. आनंदाला त्याचं काही वाटलं नाही. भरलेली गाडी घाटात वळवताना मनगटांना येतो तसा ताण त्याच्या डोळ्यांना येत होता, आणि तो ताण त्याच्या ओळखीचा होता. वळण हलतंय, हे त्याला कळलं.

घरी आला तर वळण खरंच थोडं उलगडलं होतं. पण उलगडलेल्या रस्त्याला जागा लागते. स्वयंपाकघर पन्नास पावलं मागे गेलं. दुसऱ्या खेपेनंतर ते अर्ध्या किलोमीटरवर गेलं, आणि मालन पोचेपर्यंत आमटी निवायला लागली. तिसऱ्या खेपेनंतर मालन लांबून चिमणीएवढी दिसायची. हाक पोचत नव्हती.

"थांबायचं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"अर्ध्या वळणात गाडी थांबवत नसतात, मॅडम."

चौथ्या खेपेला खोलीची डावी भिंत दिसेनाशी झाली. बोटं तिकडे गेली आणि परत येताना हणमंतला घेऊन आली. तो टेम्पोच्या सीटवर बसला होता, मांडीवर स्ट्रॉबेरीची पेटी. आनंदानं त्याच्याकडे पाहिलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच, नीट पाहिलं.

"आता किती?"

"दोन."

"आणि हॉर्न?"

"दिला नव्हता. आता तो काही देता येणार नाही. पण सांगता येईल."

"चला दाजी," हणमंत म्हणाला.

दोघं एसटीनं घरी आले. कंडक्टरनं दोन तिकिटं फाडली.

वळण आता राहिलं नव्हतं. दारातून थेट सरळ रस्ता आत गेला होता. दुरुस्त होऊन अंगणात उभ्या असलेल्या टेम्पोत आनंदा चढला. हणमंत डावीकडे बसला. आनंदानं गाडी माजघरात घातली. दोन्ही बाजूंनी घराच्या भिंती मागे जात होत्या. खुंट्या, कॅलेंडर, पुन्हा खुंट्या. तीन किलोमीटरनंतर भिंती जवळ येत गेल्या, आरसे घासायला लागले. आनंदानं ते आत दुमडले आणि वेग कमी केला नाही.

शेवटी गॅसजवळ मालन भाकरी भाजत होती. आनंदानं इंजिन चालूच ठेवलं आणि खिडकीतून म्हणाला, "मालन, मी हॉर्न दिला नव्हता."

"ठाऊक आहे." तिनं भाकरी उलटली. "सात महिने इथं बसून ऐकतेय. ट्रकचा येतो. तुमचा एकदाही आला नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"एवढ्या वळणापलीकडं ओरडून सांगायची गोष्ट होती का ती?"

तिनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि भावाच्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली. तिच्या मागे भिंत नव्हती. रस्ता पुढे जात होता.

"सरक," ती म्हणाली.

हणमंत मधे सरकला. मालन चढली आणि तिनं दार ओढून घेतलं. आनंदानं क्लच दाबला. गिअर टाकायला जागा व्हावी म्हणून हणमंतनं दोन्ही गुडघे तिच्या बाजूला घेतले.